ई-रीडर कोणता? आधी पुस्तके कुठली ते सांगा

प्रश्न : मी कळंबला राहते. नोकरी अंधेरीला, त्यामुळे रोज नालासोपाऱ्याहून लोकल. माझे वाचन होते ते गाडीत आणि सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर, सुरूच्या बनात. मोबाइलवर वाचून डोळे चुरचुरतात म्हणून ई-रीडर घ्यायचे ठरवले. भाऊ म्हणतो टॅब घे, ऑफिसातली मैत्रीण म्हणते किंडलशिवाय दुसरे बघूच नको. सासऱ्यांनाही जुनी मराठी पुस्तके आणि दिवाळी अंक मोठ्या अक्षरांत वाचायचे आहेत. दोघांना मिळून एकच चालेल का? आणि वॉटरप्रूफ, ३०० पीपीआय, वॉर्म लाइट, १६ जीबी यांतले नेमके काय बघायचे?
— एक वाचक, कळंब

उत्तर : ई-रीडर घरात यायच्या आधीच त्याच्यावरून पक्ष पडलेले दिसतात! तुमच्या शेवटून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकतो : दोघांना मिळून एक चालणार नाही. का, ते पुढे येईलच.

भावाचा मुद्दा घेऊ. टॅबवर सगळेच होते, मग नुसत्या वाचनासाठी वेगळे यंत्र कशाला? फरक आहे तो पडद्यात. टॅबचा पडदा स्वतः उजेड फेकतो आणि तो थेट डोळ्यांवर येतो. ई-रीडरचा पडदा ई-इंकचा असतो. त्यात साधारण केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव, आणि त्या द्रवात पांढरे व काळे कण. पांढऱ्या कणांवर एक विद्युतभार, काळ्यांवर त्याच्या उलट. खालून विजेचा दाब दिला की कुठे पांढरे कण वर येतात, कुठे काळे, आणि अक्षर उमटते. एकदा कण जागेवर बसले की वीज काढून घेतली तरी ते तिथेच राहतात. म्हणजे पान उलटताना वीज लागते, वाचताना लागत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत या तंत्राची सुरुवात झाली, १९९७ मध्ये त्याची कंपनी निघाली, आणि नोव्हेंबर २००७ मध्ये पहिले किंडल बाजारात आल्यावर ते सर्वांच्या परिचयाचे झाले.

याचा तुमच्यापुरता परिणाम असा. दुपारी चारच्या उन्हात किनाऱ्यावर टॅब उघडला तर मजकुराआधी स्वतःचा चेहरा दिसतो. ई-इंकचा पडदा बाहेरचा उजेड परतवून दिसतो, त्यामुळे ऊन जितके लख्ख, तितके अक्षर ठसठशीत. तुम्ही पोलराइज्ड गॉगल वापरत असाल तर टॅबचा पडदा एका विशिष्ट कोनात काळा पडतो. ई-इंकला त्याचे सोयरसुतक नाही.

‘ई-रीडरला लाइट नसतो, रात्री वाचता येत नाही’ असे अजून पुष्कळांना वाटते. सुरुवातीच्या यंत्रांपुरते ते खरे होते. २०१२ पासून कडेला बारीक दिवे बसवून त्यांचा उजेड पडद्यावर पसरवण्याची सोय आली. हा उजेड पडद्यावर पडून मग आपल्याकडे येतो. वॉर्म लाइट म्हणजे या दिव्यांचा रंग पिवळसर करण्याची सोय. ती डोळे वाचवते असे नाही, पण रात्री बिछान्यात पांढऱ्या उजेडापेक्षा सुखाची वाटते. मिळाली तर घ्या, तिच्यासाठी अडून बसू नका.

आणि चुरचुरण्याबद्दल. त्याचा दोष लोक मोबाइलच्या ‘किरणां’ना देतात. मुख्य कारण साधे आहे : पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. त्यात हलता डबा, बारीक अक्षर, वर पंख्याचा वारा. ई-रीडरवर चकाकी कमी आणि अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, म्हणून बरे वाटते. पापण्या मात्र तिथेही तुमच्या तुम्हालाच लववाव्या लागतील. ई-रीडर घेऊनही त्रास राहिला तर चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

आता पेटीवर न छापलेला, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा प्रश्न. तुमची पुस्तके येणार कुठून? लोक यंत्र आधी निवडतात आणि पुस्तके मागाहून शोधतात. मराठी वाचकाने हा क्रम उलटा ठेवावा. कारण प्रत्येक दुकानाचे पुस्तक प्रत्येक यंत्रावर उघडत नाही, आणि मराठी पुस्तके एका दुकानात सगळी मिळत नाहीत.

अ‍ॅमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळम यांच्याबरोबर मराठी पुस्तकेही किंडलवर आणली. तेव्हापासून मोठ्या प्रकाशकांची बरीच पुस्तके तिथे आली आहेत, आणि लेखकांनी स्वतःच चढवलेलीही. (या दुसऱ्या प्रकारात शुद्धलेखनाच्या चुकांची तयारी ठेवा.) बुकगंगाकडेही मराठी ई-पुस्तके आणि दिवाळी अंक आहेत, पण ते त्यांच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये वाचायचे असतात. किंडल यंत्रावर बाहेरचे अ‍ॅप टाकता येत नाही. म्हणजे तुमचे लेखक बुकगंगावर असतील तर मैत्रिणीचा सल्ला तिच्यासाठी कितीही बरोबर असला तरी तुमच्या उपयोगाचा नाही.

तिसरा मार्ग अँड्रॉइडवर चालणाऱ्या ई-रीडरचा. बूक्स या कंपनीची यंत्रे तशी असतात. पडदा ई-इंकचा आणि आत अँड्रॉइड, त्यामुळे किंडलचे अ‍ॅपही चालते आणि बुकगंगाचेही. ऐकायला हे सर्वांत सोयीचे वाटते. पण ती अ‍ॅपे मोबाइलच्या झरझर बदलणाऱ्या पडद्यासाठी बनवलेली असतात. ई-इंकवर वरखाली सरकवताना मागच्या अक्षरांची भुते रेंगाळतात आणि बॅटरीही लवकर उतरते. ज्याला सेटिंगमध्ये डोके घालायला आवडते त्याने जरूर घ्यावे. ज्याला पुस्तक उघडून गप वाचायचे आहे, त्याने आधी कोणाचे तरी हाताळून पाहावे.

कोबो, पॉकेटबुक यांसारखी यंत्रे ईपब नावाची फाइल थेट उघडतात. किंडल तसे करत नाही. ईपब फाइल केबलने किंडलमध्ये टाकली तर ती दिसतही नाही; ‘सेंड टू किंडल’ या सोयीतून पाठवावी लागते, मग अ‍ॅमेझॉन ती आपल्या साच्यात बदलून देते. ईपबसाठी ही सोय २०२२ पासून आहे. ‘किंडलवर फक्त अ‍ॅमेझॉनचीच पुस्तके चालतात’ हा समज त्यामुळे आता अर्धाच खरा आहे. फुकट आणि कायदेशीर ईपब हवे असतील तर मराठी विकिस्रोत पाहा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, तेव्हा त्यांचे लेखन २०११ च्या सुरुवातीपासून सर्वांना मोकळे आहे. हरि नारायण आपटे तर त्याच्या कितीतरी आधीपासून.

यंत्र कुठलेही घ्या, पैसे देण्याआधी त्यावर मराठीचे एक पान उघडून पाहा. इंग्रजीचे पान सगळीकडे छानच दिसते. देवनागरीत मात्र पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यावी लागते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढावा लागतो, जोडाक्षरे जुळावी लागतात. हे काम यंत्रातल्या आज्ञावलीचे, आणि ते सगळ्यांना सारखे जमत नाही. तुमच्या गावाला शोभेल अशी चाचणी सांगतो : ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द असलेले पान उघडा. दोन्ही वेगळे आणि नीट दिसले तर यंत्राला मराठी येते. दुसऱ्या शब्दात पाय मोडका र आणि शेजारी सुटा य दिसला, तर ते यंत्र हिंदीवर समाधान मानणारे आहे. अक्षराचा वळणदार फाँट बाहेरून टाकता येतो का, तेही तेव्हाच विचारा.

पीपीआयचा संबंधही इथेच येतो. एका इंचात किती ठिपके, तो हा आकडा. काही वर्षांपूर्वीच्या स्वस्त किंडलमध्ये तो १६७ होता. २०२२ पासून साध्या किंडललाही ३०० मिळतात. इंग्रजीला १६७ वर भागते. आपल्याकडे अनुस्वाराचे टिंब, रफार, ‘द्ध’ आणि ‘द्व’ मधला फरक बारीक अक्षरात या ठिपक्यांवरच अवलंबून असतो. जुने यंत्र स्वस्तात मिळत असेल तर हा आकडा आधी विचारा.

सासऱ्यांकडे वळू. त्यांना हवी असलेली जुनी पुस्तके बहुतेक पीडीएफच्या रूपात आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तके संकेतस्थळावर पीडीएफमध्येच फुकट मिळतात, ई साहित्य प्रतिष्ठानची तशीच, आणि ग्रंथालयांनी स्कॅन केलेली जुनी पुस्तकेही तशीच. आता ईपब म्हणजे ताग्यातले कापड, अंगाप्रमाणे बेतता येते. पीडीएफ हा शिवून तयार झालेला सदरा. अक्षर मोठे केले की ईपबमधल्या ओळी नव्याने मांडल्या जातात. पीडीएफचे पान मोठे केले की ते पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे ओढत बसावे लागते. ई-इंकवर ही ओढाताण दोन पानांत कंटाळा आणते.

हिशेब करून पाहा. नेहमीच्या डेमी आकाराचे मराठी पुस्तक साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असते, म्हणजे त्याचा कर्ण दहा इंचांच्या थोडा वर जातो. सहा इंची ई-रीडरचा कर्ण सहा. तेच पान त्यावर बसवले की चौदा पॉइंटचे अक्षर आठेक पॉइंटचे होते. मोठ्या अक्षरासाठी यंत्र घेतले आणि छापील पुस्तकापेक्षा बारीक अक्षर पदरात पडले, असा प्रकार! यंत्र आडवे धरून अर्धे-अर्धे पान वाचता येते, समास कापता येतात, त्याने थोडे सुसह्य होते. दिवाळी अंकाचे पान तर डेमीपेक्षा मोठे आणि त्यात दोन-दोन रकाने.

‘मग पीडीएफचे ईपब करून घ्यावे’ असे कोणीतरी सुचवेलच. स्कॅन केलेले पान म्हणजे निव्वळ चित्र, त्यात यंत्राच्या दृष्टीने अक्षरच नसते. स्कॅन नसलेल्या पीडीएफचाही भरवसा नाही. युनिकोड रुळण्याआधी मराठी छपाई श्रीलिपीसारख्या फाँटांवर चाले. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. पीडीएफमध्ये फाँट आतच असतो म्हणून पान सुंदर दिसते. रूपांतर करताना तो फाँट गळतो आणि खाली उरतो इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा काला. यंत्र बिघडलेले नसते, फाइलच तशी असते. पारख सोपी आहे : संगणकावर त्या पीडीएफमधली एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवा. मराठी उमटले तर रूपांतराला हरकत नाही.

म्हणून सासऱ्यांसाठी दहा इंची पडदा हवा. दहा इंची ई-रीडर मिळतात, पण महाग असतात. रंगाचे म्हणाल तर रंगीत ई-इंक आता आले आहे. मात्र त्यात रंगांसाठी पडद्यावर गाळणी बसवलेली असते. त्यामुळे कागद करडा दिसतो, दिवा जास्त लावावा लागतो आणि रंगीत भागाची बारकाई १५० ठिपक्यांवर येते. दिवाळी अंकाची व्यंगचित्रे त्यात फिकी वाटतील. सासरे घरात, सावलीत, खुर्चीत बसून वाचणार. त्यांना ऊन नाही, गर्दी नाही, चार्जर हाताशी. त्यांना दहा-अकरा इंची साधा टॅबच द्या, उजेड कमी करून. भावाचा सल्ला बरोबरच होता, फक्त माणूस चुकला.

आता तुमचे यंत्र. सहा-सात इंची, पुढून दिवा असलेले. वजनही पाहा, कारण गाडीत एक हात कडीला असतो. साधे किंडल १५८ ग्रॅमचे, २०२४ चे सात इंची किंडल पेपरव्हाइट २११ ग्रॅमचे. कागदावर फरक किरकोळ, बोरिवली येईपर्यंत मनगटाला तो कळतो. पान उलटायला बटण असेल तर एका हाताने वाचणाऱ्याची मोठी सोय होते, पावसात ओल्या बोटांनीही ते चालते. किंडलच्या सध्याच्या यंत्रांत बटण नाही. कोबोच्या काहींत आहे. मात्र कोबो कोणाकडून परदेशातून आणवणार असाल तर वॉरंटी इथे चालते का, ते आधी विचारा.

लोकलमधला खरा धोका पाण्याचा नसून दाबाचा आहे. वरून प्लॅस्टिक दिसले तरी बहुतेक ई-इंक पडद्यांच्या आत पातळ काच असते. गर्दीत पिशवी दाबली गेली, त्यात डब्याचा कोपरा पडद्यावर टेकला, की आतली काच तडकते. बाहेर ओरखडाही नसतो, आणि चालू केल्यावर अर्ध्या पडद्यावर आडव्या रेघा. हे बहुधा वॉरंटीत बसत नाही. तेव्हा कडक कव्हर घ्या आणि जेवणाचा डबा दुसऱ्या कप्प्यात ठेवा. वॉर्म लाइटपेक्षा या कव्हरावर खर्च केलेला बरा.

किनाऱ्याचे वेगळे. पेटीवर आयपीएक्स८ लिहिलेले असते. आठ म्हणजे पाण्यात बुडवून चाचणी झाली आहे. पेपरव्हाइटबद्दल कंपनीचा दावा आहे दोन मीटर गोड्या पाण्यात ६० मिनिटांचा. तोच दावा समुद्राच्या पाण्यासाठी पाव मीटर आणि तीन मिनिटे एवढाच उरतो. खारे पाणी धातूला खाते, म्हणून ही कपात. कळंबच्या लाटेत पडले तर लगेच उचला, गोड्या पाण्याने धुवा आणि चार्जिंगचे भोक पूर्ण वाळल्याशिवाय केबल लावू नका. साध्या किंडलला यांतले काहीच संरक्षण नाही.

त्याहून महत्त्वाचे अक्षर मधले : एक्स. त्या जागी धुळीपासूनच्या संरक्षणाचा आकडा असतो. एक्स म्हणजे त्याचा दर्जा दिलेलाच नाही. वाळू वॉटरप्रूफ यंत्राच्याही बटणाच्या फटीत आणि चार्जिंगच्या भोकात शिरते. स्वयंपाकघरातली झिप असलेली पारदर्शक पिशवी घ्या, यंत्र त्यात घालून वाचा. बहुतेक पडदे पिशवीवरूनही बोटाला ओळख देतात. आणि पाण्यात जाताना यंत्र वाळूवर उन्हात टाकून जाऊ नका. अशा यंत्रांना साधारण ३५ अंशांपर्यंतच काम करायला सांगितलेले असते, आणि मे महिन्यातली वाळू ते कधीच ओलांडून गेलेली असते.

बॅटरीबद्दल जाहिरात म्हणते ‘बारा आठवडे’. खालच्या बारीक अक्षरात लिहिलेले असते : रोज अर्धा तास वाचन, वायफाय बंद, उजेड मध्यम. गुणाकार केला तर हे होतात ४२ तास. तुम्ही जाता-येता मिळून दोन तास वाचलेत तर तीन आठवडे. तरीही उत्तमच. पावसाळ्यात लाइट गेले की टॅब आणि मोबाइल दोन्ही मान टाकतात, तेव्हा हे चालू असते. १६ जीबीची चिंता अजिबात करू नका. साधी कादंबरी एक-दोन एमबीची असते, जन्मभर वाचलीत तरी जागा उरेल. स्कॅन आणि ऑडिओबुकेच काय ती जागा खातात.

मैत्रिणीच्या सल्ल्याला एक पुरवणी. किंडलवर ‘विकत’ घेतलेले पुस्तक म्हणजे वाचण्याची परवानगी असते. २००९ मध्ये हक्कांचा घोळ झाला म्हणून अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून काही पुस्तके परस्पर काढून घेतली होती. त्यांत जॉर्ज ऑरवेलची ‘१९८४’ असावी, हा योगायोग कादंबरीत शोभला असता. पुढे कंपनीने माफी मागितली. विकत घेतलेली पुस्तके संगणकावर उतरवून ठेवण्याची सोयही तिने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. रोजच्या वाचनाला यामुळे काही अडत नाही. पण जे पुस्तक नातवंडांसाठी ठेवायचे आहे ते छापीलच घ्या.

तेव्हा तुमचे लेखक किंडलवर मिळत असतील तर पाणी सोसणारे सात इंची पेपरव्हाइट घ्या. बहुतेक बुकगंगावर असतील तर छोटा अँड्रॉइड ई-रीडर, हाताळून. आधी मोबाइलवर दोन्ही दुकाने उघडा आणि येत्या वर्षात वाचायच्या दहा पुस्तकांची नावे शोधून पाहा. कुठे जास्त सापडतात ते मोजा.

कोणाचे वापरलेले स्वस्तात मिळत असेल तर अंधाऱ्या खोलीत दिवा पूर्ण वाढवून पडद्यावर डाग किंवा काळपट पट्टा दिसतो का ते बघा, चार्जिंगचे भोक खाऱ्या हवेने हिरवट झाले आहे का ते पाहा, आणि पैसे हातात ठेवण्याआधी विकणाऱ्याकडूनच त्याचे खाते त्यातून काढून घ्या. चोरीचे किंवा थकबाकीचे यंत्र असेल तर ते नव्या खात्यावर चढत नाही, आणि हे घरी आल्यावर कळून उपयोग नसतो.